लाईटनंतर न भरणारी जखम आणि ऑक्सिजनचं चेंबर

सुगी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. बाबांसाठी.

बाबा ६३ वर्षांचे, कराडजवळ शेती करतात. मागच्या वर्षी उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती, ऊसतोडीचे दिवस होते, सहा महिने अंगावर काढली. मग जवळच्या एका दवाखान्यात चरबीची गाठ म्हणून काढून टाकली. आधी एमआरआय नाही की सुईची तपासणी नाही. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला तेव्हा 'सॉफ्ट टिश्यू सार्कोमा' हे शब्द आम्ही पहिल्यांदा वाचले. स्नायू, चरबी, नसांभोवतीचं मांस अशा मऊ भागांत होणारा कॅन्सर.

मुंबईला गेलो. कडा साफ नाहीत, म्हणजे काठाला कॅन्सर उरलाय, आधी लाईट (किरणोपचार) देऊ आणि मग पुन्हा मोठं ऑपरेशन करू, असं सांगितलं. २५ लाईट झाल्या, एकूण डोस ५० ग्रे. पाच आठवडे धर्मशाळेत राहिलो. नंतर सहा आठवडे थांबून ऑपरेशन झालं. पाय वाचला आणि कडा साफ निघाल्या. त्या दिवशी आम्ही सगळे रडलो.

टाके काढल्यावर आठ दिवसांनी मात्र जखम मधोमध उकलली. आज अकरा आठवडे झाले. ड्रेसिंग मीच करते. चार बोटं लांब आणि करंगळीचं पेर बुडेल इतकी खोल आहे. तळाशी पिवळट थर असतो, धुतला तरी दुसऱ्या दिवशी परत येतो. कडा फिकट पडल्यात. आजूबाजूची कातडी चामड्यासारखी घट्ट झालीय, चिमटीत धरता येत नाही.

आता चुलतभावाने एका सेंटरची माहिती पाठवलीय. बंद चेंबरमध्ये दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात, हायपरबेरिक म्हणतात. त्यांचं म्हणणं, लाईटबरोबर घेतलं तर कॅन्सर लवकर मरतो आणि नंतर घेतलं तर जखम भरते. चाळीस सिटिंगचं पॅकेज आहे, निम्मे पैसे आधी. आमचे सर्जन म्हणाले, "विचार करता येईल, पण आधी प्लास्टिक सर्जनना दाखवू." कोणी हे घेतलंय का? खरंच उपयोग होतो का? ऑक्सिजनने उरलासुरला कॅन्सर वाढेल का, ही भीती आईला आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पाणंद

सुगी, वाचून पोटात कालवलं. माहिती नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय. बाबांना लवकर आराम पडो.

मध्यरेषा

सुगीताई, किरणोपचार विभागात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बाबांना न तपासता त्यांच्याविषयी मत देणार नाही. पण त्या सेंटरने दोन वेगळ्या गोष्टी एका पाकिटात घालून तुम्हाला दिल्यात. त्या आधी सुट्या करू.

पहिली गोष्ट, लाईट चालू असताना ऑक्सिजन. ही कल्पना जुनी आहे आणि तिच्यामागचं विज्ञान पक्कं आहे. किरणांनी पेशीच्या डीएनएला इजा होते, त्या क्षणी तिथे ऑक्सिजन असेल तर ती इजा कायमची होते. नसेल तर पेशी बरीचशी इजा दुरुस्त करून घेते. ऑक्सिजनवाचून असलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. लंडनमध्ये एल. एच. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हे ठळकपणे मांडलं. तुमच्या बाबांचा डोस ज्या एककात मोजला, ते याच ग्रेंच्या नावाचं. पुढे १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी दाखवलं की गाठीत रक्तवाहिनीपासून साधारण दीडशे मायक्रॉनपलीकडे ऑक्सिजन पोचतच नाही. म्हणजे वहीचे दोन कागद एकावर एक ठेवले तर होईल त्याहूनही कमी अंतर. गाठीचा आतला भाग अर्धपोटी असतो आणि नेमका तोच लाईटला दाद देत नाही.

त्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णाला चेंबरमध्ये तीन वातावरणांच्या, म्हणजे नेहमीच्या हवेच्या तिप्पट, दाबाखाली ठेवून बाहेरून किरण दिले. पुढची वीस-पंचवीस वर्षं यावर पुष्कळ चाचण्या झाल्या. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १९ चाचण्या आणि २२८६ रुग्ण आहेत. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये फायदा दिसला, गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण कमी झालं, काहींचं आयुष्य वाढलं. पण दुसरी बाजूही तिथेच लिहिलीय. चेंबरमध्ये रुग्णाला रोज ठेवणं अवघड, म्हणून थोड्या लाईटमध्ये मोठे मोठे डोस दिले गेले. आज तसे डोस कोणी देत नाही. चेंबरमध्ये झटके आले, आणि चांगल्या मांसालाही जास्त इजा झाली, कारण ऑक्सिजन मिळाल्यावर तेही किरणांना तितकंच बळी पडतं. म्हणून ही पद्धत रोजच्या उपचारात रुजली नाही. डेन्मार्कने डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी निमोराझोल या गोळीचा रस्ता धरला, ती ऑक्सिजनसारखंच काम काही अंशी करते.

सार्कोमाबद्दल मला १९९६ चा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा अभ्यास आठवतो. ज्या गाठींत ऑक्सिजन कमी होता त्या पुढे फुप्फुसात जास्त पसरल्या. यावरून गाठीचा स्वभाव कळतो. चेंबरने तो स्वभाव बदलतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. सार्कोमाला लाईटबरोबर चेंबर हा ठरलेला उपचार नाही. शिवाय बाबांच्या लाईट संपल्यात. त्यामुळे त्या सेंटरचं पहिलं वाक्य तुमच्यापुरतं निकालात निघालं.

दुसरी गोष्ट, नंतरची जखम. जेवून येऊन लिहितो, ती जास्त महत्त्वाची आहे.

बार्शीकर

डॉक्टर लिहीपर्यंत मी माझं सांगतो. मला सार्कोमा नव्हता, तोंडाचा कॅन्सर होता. तंबाखू, वीस वर्षं. ऑपरेशन आणि ३० लाईट. चार वर्षांनी एक दाढ हलायला लागली ती काढली आणि तिथली जागा भरेना. जबड्याचं हाड उघडं पडलं, जिभेला खरखरीत लागायचं. तेव्हा हाडाच्या ऑपरेशनआधी वीस आणि नंतर दहा सिटिंग घेतल्या.

आत काय होतं ते सांगतो, कारण भीती त्याचीच वाटते. आमचं चेंबर एका माणसाचं होतं, काचेसारख्या नळकांड्याचं. आडवं झोपायचं, ढकलतात आणि दार लावतात. मग प्रेशर वाढायला लागतं. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तसं होतं, फक्त सलग दहा मिनिटं. नाक दाबून फुंकायचं किंवा आवंढा गिळत राहायचं. माझा उजवा कान तिसऱ्या दिवशी सुटेना, इतकं दुखलं की हात वर केला. त्यांनी लगेच प्रेशर थांबवलं, थोडं मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आत थोडं गरम होतं, मग नुसतं पडून राहायचं. दीड तास. प्रेशर सोडताना थंड पडतं, कधी धुकं धरल्यासारखं होतं.

रोज अंगावरचं सगळं काढून त्यांचे सुती कपडे घालायचे. घड्याळ, मोबाईल, कवळी, देवाचा दोरासुद्धा बाहेर. एकदा बायकोने सवयीने डोक्याला खोबरेल तेल लावून दिलं होतं, त्यांनी चेंबरमध्ये घेतलंच नाही. डोकं धुवायला लावलं, मग सिटिंग. मला तेव्हा राग आला होता.

हाड भरलं. ऑपरेशनमुळे की ऑक्सिजनमुळे, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही झालं, एवढंच खरं. चष्म्याचा नंबर मात्र बदलला होता, दोनेक महिन्यांनी पूर्ववत झाला.

खलाशी

बार्शीकर, तुम्हाला परत पाठवणारी माणसं चांगली होती. मी नौदलात, पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या जवानांच्या वैद्यकीय पथकात सहायक होतो. पाण्याखालून झपाट्याने वर आलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे होतात, त्याच्यासाठी ही चेंबर आधीपासून आहेत. मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात हा विभाग आहे.

शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल, व्हॅसलीन, नायलॉन, ठिणगी यांतलं काहीही चालत नाही. ३१ ऑक्टोबर १९९७ ला इटलीत मिलानच्या एका रुग्णालयात चेंबरला आग लागून ११ माणसं गेली. दार आतून पटकन उघडता येत नाही, दाब उतरेपर्यंत थांबावंच लागतं. सुगीताई, सेंटर बघायला जाल तेव्हा पॅकेजचं नंतर विचारा. आधी बघा, आत जाण्यापूर्वी झडती घेतात का, सिटिंग चालू असताना प्रशिक्षित माणूस चेंबरशेजारून हलतो का, आणि डॉक्टर त्याच इमारतीत असतो का.

दाबाचाही आकडा विचारा. जखमेसाठी २ ते २.५ वातावरणं वापरतात. २.४ म्हणजे समुद्रात साधारण १४ मीटर खोल गेल्यासारखं. हल्ली ब्युटी पार्लरशेजारी चेन लावलेल्या फुगीर पिशव्या आल्यात, त्यांत १.३ पर्यंतच दाब जातो आणि बऱ्याचदा साधी हवाच असते. ते आणि हे एक नव्हे.

आणखी एक. जखम रोज बघणाऱ्याला ती भरतेय की नाही ते कळत नाही. दर रविवारी पारदर्शक स्वच्छ प्लास्टिक जखमेवर धरून स्केचपेनने कडेची रेघ ओढा आणि तारीख घाला. टेकवू नका, अंगुळभर वर धरा. चार रविवारांचे कागद एकावर एक ठेवले की खरं काय ते दिसतं.

नुसता_वाचक

मी तर ऐकलं होतं की कॅन्सरच्या पेशीला ऑक्सिजन सहन होत नाही, त्यामुळे नुसत्या ऑक्सिजननेच कॅन्सर जातो. आमच्या ग्रुपवर एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या नावाने आलं होतं. मग लाईट, केमो कशाला घ्यायचे?

मध्यरेषा

नुसता_वाचक, विचारलंत ते बरं केलंत, कारण या एका मेसेजपायी लोकांनी उपचार सोडलेले मी पाहिलेत. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असताना साखर अर्धवट जाळतात, हे निरीक्षण खरं आहे. ऑक्सिजनने त्या मरतात, हे त्यातून निघत नाही. फुप्फुसात जगातला सगळा ऑक्सिजन आधी पोचतो आणि सार्कोमा पसरतो तो बहुतेक वेळा फुप्फुसातच.

याच्या उलट सुगीताईंच्या आईंची भीती, की ऑक्सिजनने कॅन्सर वाढेल. नॉर्वेतल्या मोएन आणि स्टूर यांनी २०१२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र पाहिले. चेंबरने गाठ वाढते किंवा परत येते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. आईंना हे जरूर सांगा.

आता जखमेकडे. लाईटने बारीक रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर जाड होत जातं आणि त्या हळूहळू बंद पडतात. मांसात रक्त कमी, पेशी कमी, ऑक्सिजन कमी. १९८३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाबद्दल हे मांडलं आणि बार्शीकरांनी घेतली ती वीस-दहाची पद्धत त्यांचीच. साध्या हवेत रक्ताच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन नगण्य असतो, १०० मिलीत ०.३ मिली. तीन वातावरणांवर शुद्ध ऑक्सिजन दिला की तो ६ मिलीपर्यंत जातो. तांबड्या पेशींची मदत न घेताही भागेल इतका. ॲम्स्टरडॅमच्या बूरेमा यांनी १९६० मध्ये रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढलेली डुकरं असं चेंबरमध्ये जगवून दाखवली होती. कोरड्या मांसाच्या कडेला इतका ऑक्सिजन पुन्हा पुन्हा पोचला की नव्या वाहिन्या फुटायला लागतात. एकदोन सिटिंगमध्ये नाही, पंधरा-वीस व्हाव्या लागतात.

आता पुरावा. लाईटनंतर मूत्राशयातून रक्त जाण्याच्या त्रासावर नॉर्डिक देशांतली २०१९ ची चाचणी चांगली निघाली, रुग्णांना खरंच आराम पडला. आतड्यांच्या त्रासावर ब्रिटनमधल्या २०१६ च्या चाचणीत फायदा दिसला नाही. जबड्याचं हाड खराब होऊ नये म्हणून आधीच चेंबर द्यावं का, या २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत घेणारे आणि न घेणारे जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे जागेप्रमाणे उत्तर बदलतं.

आणि हे सगळं उशिरा होणाऱ्या इजेबद्दल आहे, लाईट संपून सहा महिने किंवा काही वर्षांनी दिसणाऱ्या. बाबांची जखम वेगळ्या जातीची आहे. लाईटनंतर लगेच केलेल्या ऑपरेशनची जखम उकलणं सार्कोमात नेहमीचं आहे. कॅनडातल्या १९० रुग्णांच्या २००२ च्या अभ्यासात, आधी लाईट घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना जखमेचा मोठा त्रास झाला, नंतर घेतलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. आणि मांडीत जास्त. तरी आधी लाईट देतात, कारण डोस कमी लागतो, जागा लहान लागते, आणि पुढे पाय कडक होण्याचा त्रास कमी राहतो. तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही आणि तुमच्या ड्रेसिंगचंही नाही, ती शंका मनातून काढून टाका.

तुमच्या सर्जननी प्लास्टिक सर्जनचं नाव आधी घेतलं, तोच क्रम बरोबर आहे. कडेचा तुकडा तपासून गाठ परत आली नाही ना ते पाहणं, साखर, प्रथिनं, हिमोग्लोबिन, व्हॅक ड्रेसिंग (जखमेतलं पाणी पंपाने ओढून घेणारी बंद पट्टी), आणि गरज पडली तर लाईट न लागलेल्या भागातून स्वतःच्या रक्तवाहिनीसकट आणलेला स्नायू. या सगळ्यानंतर चेंबरचा विचार.

सुगी

डॉक्टर, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. 'तुमच्या ड्रेसिंगचंही नाही' इथे मला पुढे वाचता आलं नाही.

एक राहिलं सांगायचं. पुढच्या महिन्यात केमो सुरू करायची का यावर चर्चा चालू आहे. ते लाल रंगाचं औषध असतं ना, ज्याने लघवी लाल होते, ते. सेंटरवाले म्हणाले केमो आणि चेंबर बरोबर चालतं.

मध्यरेषा

ताई, इथे थांबा. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. सार्कोमात तेच मुख्य. त्याचा हृदयावर परिणाम होतो, आणि ते औषध चालू असताना चेंबर देऊ नये असं या शाखेत फार पूर्वीपासून शिकवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दोन्ही एकत्र दिल्यावर मृत्यू वाढले होते. ब्लिओमायसिन आधी कधी दिलं असेल तर फुप्फुसाला धोका, सिसप्लॅटिन असेल तर जखमच भरायला अडचण. कुठलं औषध, शेवटचा डोस कधी, हे न विचारता 'चालतं' म्हणणाऱ्या सेंटरमध्ये बाबांना नेऊ नका. पैसे भरले असतील तरी नेऊ नका.

आणि छातीचा एक्स-रे, शंका असेल तर सीटी स्कॅन, पाहिल्याशिवाय सहसा कोणाला चेंबरमध्ये घालत नाहीत. फुप्फुसात हवेचा फुगा असेल किंवा छातीत हवा साठली असेल, तर दाब उतरताना ती हवा फुगते आणि जीवावर बेततं. मधुमेह असेल तर आत साखर एकदम खाली येऊ शकते. झटक्यांचा इतिहास असेल तर तोही सांगायचा.

केमोचे डॉक्टर, सर्जन आणि चेंबरचे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोललेत, याची खात्री करा. कागद एका फाइलमध्ये असणं पुरेसं नाही.

डच_माहेर

मी उत्रेख्तजवळ राहते. स्तनाच्या कॅन्सरनंतर लाईट झाल्या, पाच वर्षांनी छाती इतकी घट्ट झाली की वरच्या फडताळातला डबा काढता येईना. इथे या त्रासावर मोठा अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला. १२५ बायकांना चेंबर देऊ केलं, त्यातल्या फक्त ३१ जणींनी पूर्ण केलं. बाकीच्यांचं कारण बहुतेक एकच, रोज जाणं-येणं झेपत नाही. ज्यांना चेंबर देऊ केलं त्यांच्यात घट्टपणाचा मध्यम ते तीव्र त्रास ३३ टक्के राहिला, न देऊ केलेल्यांत ५१ टक्के. पूर्ण करणाऱ्यांचं दुखणंही बरंच कमी झालं.

मी घेतलं. आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. इथे बारा जण एकत्र बसतात, विमानासारख्या खुर्च्या, तोंडाला मास्क, मधे पाच मिनिटं साधी हवा. हात आता डोक्यावर जातो. पण नवऱ्याने कामाच्या वेळा बदलल्या म्हणून ते जमलं. सुगी, कराडहून रोज ये-जा करायची असेल तर बाबांची ताकद त्या प्रवासातच जाईल, हे हिशोबात धर.

बार्शीकर

डच_माहेर, अगदी. मी सहा आठवडे मेहुण्याकडे राहिलो होतो. नाहीतर दहाव्या दिवशीच सोडलं असतं.

सुगी

मंडळी, तीन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा असावी.

सेंटरला नाही म्हटलं. चुलतभाऊ थोडा दुखावला, त्याला हा धागा वाचायला दिला, आता तोच बाबांना तपासणीला नेतो. कडेचा तुकडा तपासला, गाठ नाही. तीन आठवडे व्हॅक लावलं. खलाशीदादा, प्लास्टिकवरची रेघ चार रविवार जागची हलली नव्हती. ते कागद मी प्लास्टिक सर्जनना दाखवले, त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिले आणि त्याच आठवड्यात तारीख दिली. पोटाचा एक उभा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट खाली मांडीत वळवला. केमोची चर्चा पुन्हा झाली. बाबांची गाठ पाहता फायदा थोडा आणि हृदय आधीच थोडं कमजोर, म्हणून सध्या देणार नाहीत. दर तीन महिन्यांनी छातीचा सीटी. चेंबरबद्दल सर्जन म्हणाले, पुढे कधी उशिराची इजा दिसली तर बघू, तेव्हा रीतसर चिठ्ठी देतो.

नव्या स्नायूचा रंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा कळलं, इतके दिवस मी काय शोधत होते ते. डाळिंबाच्या दाण्यासारखा लालभडक. ड्रेसिंग काढताना टिपूसभर रक्त आलं तर बाबा घाबरले आणि मी हसले. आता एका कोपऱ्यात वाटाण्याएवढी जागा उघडी आहे, बाकी सगळं बंद.

गुडघा मात्र नव्वद अंशांपुढे वाकत नाही. बाबांना खाली बसून भाकरी खायची आहे, ताट टेबलावर दिलं की अर्धं टाकतात. लाईटनंतरच्या व्यायामावर इथे कोणी लिहिलंय का?

डच_माहेर

मी लिहिते, उद्या. फिजिओने शिकवलेले खुर्चीवरचे तीन प्रकार आहेत, फोटोसकट टाकते. तोवर रोज अंघोळीनंतर, कातडी ऊबदार असताना, भरलेल्या भागावर नुसता तळवा ठेवून हळूहळू सरकवत जा. उघड्या कोपऱ्यापासून लांब. आणि सर्जनना विचारून मगच.